चार रेघांची लिपी

गाणे ऐकताना आपले सारे लक्ष गायकाकडे असते. त्याच्या मागे एक खोल, घुमणारा सूर तालाच्या पावलाने चाललेला असतो. तो बहुधा आपल्या ध्यानातही येत नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदात पूर्वी हे काम माणसाएवढ्या उंच डबल बासकडे असे. त्याच्या दांडीवर पडदे नसतात. सुराची जागा सरावानेच सापडते. अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९५१ साली पडदे बसवलेली, विजेवर चालणारी बास गिटार विक्रीस आणली आणि तिला 'प्रिसिजन', म्हणजे अचूकता, असे नाव दिले.

या वाद्याला बहुधा चार तारा असतात. त्यावरील गाणे लिहिण्याची एक सोपी लिपी आहे. तिला टॅब्लेचर म्हणतात. कागदावर चार आडव्या रेघा काढावयाच्या. एकेक रेघ म्हणजे एकेक तार. सर्वांत खालची रेघ सर्वांत जाड तारेची. रेघेवर जो आकडा असेल, त्या पडद्याच्या किंचित मागे बोट दाबून तार छेडावयाची. शून्य असेल तर तार मोकळीच छेडावी. मोकळ्या जाड तारेला षड्ज मानले, तर त्याच रेघेवरील ०, २, ४, ५ हे आकडे म्हणजे सा, रे, ग, म. बाराव्या पडद्यावर तारेची लांबी निम्मी होते आणि वरचा सा मिळतो.

आता एक गंमत पाहा. पाचव्या पडद्यावरचा हा मध्यम आणि शेजारच्या मोकळ्या तारेचा सूर एकच! स्वर लिहिलेला कागद आपणांस 'म' वाजवा एवढेच सांगेल. कोठे वाजवा, ते सांगणार नाही. टॅब्लेचर नेमके तेच सांगते. म्हणून तर नवशिक्यांना ते प्रिय वाटते. ही युक्ती जुनी आहे. व्हेनिस शहरात पेत्रुच्ची नावाच्या मुद्रकाने १५०७ साली ल्यूट या तंतुवाद्यासाठी अशीच आकड्यांची पुस्तके छापली होती.

त्या पुस्तकांत रेघांच्या वर काळ दाखविणाऱ्या खुणा असत. हौशी वादक आज जी टॅब्लेचरे लिहितात, त्यांत त्या पुष्कळदा गाळलेल्या असतात. ०, ०, ५ हे तीन आकडे एका मात्रेत वाजवावयाचे की चार मात्रांत? कागद गप्प राहतो. आपल्याकडील भातखंडे पद्धतीत स्वरांखाली समेची, टाळीची व खालीची खूण असते; येथे तेही नाही. तेव्हा आकड्यांना हात घालण्यापूर्वी गाणे पुनःपुन्हा ऐकावे, खालचा सूर गुणगुणावा, पायाने ठेका धरावा. मगच एकेक तुकडा संथपणे वाजवून पाहावा.

सूर कोठे थांबवावा, हेही कानच सांगतो. मोकळी जाड तार एकदा छेडली की बराच वेळ घुमत राहते, आणि पुढचा सूर तिच्यात बुडून जातो. अशा वेळी डाव्या हाताची बोटे तारेवर अलगद टेकवावी लागतात. त्या स्पर्शाचा आकडा कागदावर सहसा नसतो.