ड्रायव्हरला फोन लावण्यापूर्वी



गळीत हंगाम सुरू झाला की आम्ही आपणांस पाचट जाळू नका, खोडव्याला वेळेवर खत द्या, असे सांगत असतो. या खेपेचा विषय निराळा आहे. तो फडातला नाही, फडापासून काट्यापर्यंतच्या रस्त्यावरचा आहे.

गेल्या हंगामात आमच्याच हातून एक चूक झाली, ती आधी सांगतो. दिवस मावळायच्या सुमारास दोन ट्रॉल्या भरून एक ट्रॅक्टर फडातून निघाला होता. पुढची खेप दुसऱ्या फडावर लावायची म्हणून आम्ही ड्रायव्हरला फोन केला. "साहेब, वड्याच्या वळणावर आलोय," एवढं तो बोलला आणि पुढं नुसताच आवाज आला. चाक साइडपट्टीवरून घसरलं, मागची ट्रॉली चारीत कलंडली. माणूस वाचला. ऊस रात्रभर चारीत पडून राहिला, सकाळी पुन्हा मोळ्या भरल्या. ज्यांचा ऊस होता ते सभासद आम्हाला एका शब्दानं बोलले नाहीत. पण तासाभरापूर्वी त्याच वळणावरून शाळेच्या मुली सायकलीनं घरी गेल्या होत्या, हे काही डोक्यातून जात नाही.

नंतर त्या ड्रायव्हरचा मोबाईल आम्ही पाहिला. फडातून निघाल्यापासून पाऊण तासात सात फोन! मुकादमाचे दोन, चिटबॉयचा एक, सभासदांचे तीन आणि सातवा आमचा. मग नुसत्या ड्रायव्हरला दोष देऊन कसं चालेल?

हिशेब साधा आहे. भरलेला ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरने चालला तरी सेकंदाला साडेपाच मीटर पुढे जातो. कोणाचा फोन आहे हे बघायला चार सेकंद मान खाली गेली, की २२ मीटर रस्ता न पाहता मागे पडला. शिवाय बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. ट्रॅक्टरने ब्रेक मारला तरी मागचा बोजा त्याला ढकलतच राहतो. कानात बोंडं घालून बोलल्यानं हात मोकळे राहतात, लक्ष मोकळं राहत नाही. मोठ्यानं लावलेल्या गाण्याचंही तेच. मागच्या गाडीचा हॉर्न ऐकूच येत नाही. गाण्यानं झोप येत नाही असे ड्रायव्हर म्हणतात. त्यात थोडे तथ्य असेलही, पण झोप आली तर गाडी बाजूला घेऊन तोंडावर पाणी मारावे आणि थोडे पडावे, हे बरे.

कायदाही कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे वाहन चालवताना हातात फोन धरून वापरणे हे धोकादायक चालवणे ठरते. पहिल्याच गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, अथवा दोन्ही.

सभासदांची तळमळ आम्ही जाणतो. तोडलेला ऊस वाळला की वजन घटते, साखरही घटते, म्हणून "गाडी कुठं आली?" हे विचारावंसं वाटतं. पण विचारल्यानं गाडी लवकर पोचत नाही. गाडी फडातून सुटली की चिटबॉय गट ऑफिसला कळवतो आणि काट्यावर नोंद होते. चौकशी तिथे करावी. ड्रायव्हरला फोन लागलाच, तर पहिला प्रश्न "गाडी उभी आहे का?" हा असावा. चालू असेल तर लगेच ठेवून द्यावा, त्याला राग येत नाही. पुढच्या खेपेचा फड, गट नंबर आणि वाट आम्ही आता गाडी सुटण्यापूर्वीच चिठ्ठीवर लिहून देतो. फोन टूलबॉक्समध्ये किंवा क्लीनरजवळ राहील, हे मुकादमांनी पाहावे.

आमच्या शेती खात्याची माणसंही मोटारसायकलवरून फोन घेतात. मान वाकडी करून, खांद्यात फोन दाबून चाललेला आमचा माणूस दिसला, तर त्याला तिथंच थांबवावे आणि आम्हाला नावानिशी सांगावे.