दया ही धर्माची आई

सज्जनहो, शीखपंथाचे नाव निघाले की आपल्या वारकऱ्यांस प्रथम नामदेवराय आठवतात, आणि ते योग्यच आहे. त्यांची ६१ पदे गुरुग्रंथसाहेबात आहेत. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान गावी त्यांचे स्थान आजही पुजले जाते. पण एवढे सांगून आपण थांबतो. त्या पंथाचे वर्म काय, हे विचारीत नाही. आमच्या अल्पमतीस ते दयेत दिसते.

भागवताच्या प्रथमस्कंधात परीक्षिती राजाला धर्म बैलाच्या रूपाने भेटतो. तप, शौच, दया आणि सत्य हे त्याचे चार पाय. कलीने तीन मोडले, सत्याचा तेवढा उरला. ही कथा आम्ही कीर्तनात कितीदा लावली असेल! गुरु नानकदेवांनीही जपजीच्या सोळाव्या पौडीत पृथ्वी पेलणारा बैल घेतला आहे. तो बैल म्हणजे धर्म, आणि धर्म हा दयेचा पुत्र, असे ते सांगतात. आता पाहा, भागवतात जी दया धर्माचा एक पाय, ती येथे त्याची आई झाली. पाय मोडला तरी बैल लंगडत उभा राहील. आईच नसेल तर तो जन्मास यायचा कुठून? म्हणजे दयेवाचून केलेले स्नान, उपवास, पाठ यांत पुण्य थोडे कमी पडते असे नव्हे. तो मुळी धर्मच नव्हे. हा अर्थ आम्हांस फार उशिरा उमगला.

सन १६९९ च्या बैसाखीस आनंदपूर येथे गुरु गोविंदसिंहांनी शिर मागितले, तेव्हा पहिला उठला तो लाहोरचा दयाराम. त्याच्या मागून हस्तिनापूरचा धर्मदास. आधी दया, मग धर्म! या क्रमावर शीख कथेकरी मोठ्या प्रेमाने निरूपण करतात.

कोणी म्हणेल, महाराज, ज्यांच्या कमरेस कृपाण, त्यांच्याकडे दया कशी? शीख मंडळी सांगतात की कृपाण या शब्दातच कृपा आहे. पाठशाळेत आम्ही जी व्युत्पत्ती शिकलो ती तर नेमकी उलट : कृपेला दूर सारते ते कृपाण. पण व्याकरणाचा वाद राहू द्या. आनंदपूरच्या लढाईत काय घडले ते ऐका.

भाई कन्हैया नावाचा एक सेवेकरी होता. खांद्यावर पाण्याची पखाल घेऊन तो रणात फिरे आणि घायाळांना पाणी पाजी. आपला कोण, मोगलांचा कोण, हे काही पाहीना. शीख योद्धे चिडले. बरोबरच आहे हो! दिवसा ज्याला मोठ्या कष्टाने पाडावे, त्याला याने पाणी पाजून उठवावे? तक्रार गुरूंपुढे गेली. कन्हैयाने हात जोडून सांगितले की मला तेथे शीखही दिसत नाही अन् मोगलही दिसत नाही, ज्याच्या त्याच्या ठिकाणी आपलेच मुख दिसते. यावर गुरूंनी त्यास शिक्षा केली नाही की नुसती शाबासकीही दिली नाही. मलमाची डबी हाती दिली आणि यापुढे जखमाही बांधीत जा म्हणून सांगितले. आणि लढाई थांबली नाही, हेही ध्यानात असू द्या. अन्यायाशी झुंज चालूच होती; पडलेल्याशी मात्र वैर नव्हते.

ऐकायला गोड आहे. आम्हीही डोळे पुसून सांगत असू. पुढे नांदेडास गेलो. गुरु गोविंदसिंहांनी सन १७०८ मध्ये देह ठेवला ते हे ठिकाण. हुजूरसाहेबाच्या लंगरात पंगतीला बसलो. शेजारी एक मनुष्य येऊन बसला, अंगावर मळ, पायाला चिंध्या बांधलेल्या. लहानपणापासूनचे सोवळे अंगात मुरलेले. आमचा हात आपोआप उपरण्याकडे गेला आणि आम्ही ते आवरून घेतले. वाढणाऱ्या म्हाताऱ्या सरदारजींनी त्याच्या ओंजळीत पोळी ठेवली तशीच आमच्या ओंजळीत ठेवली, तितकेच वाकून. तो मनुष्य मात्र काही न बोलता हातभर पलीकडे सरकला. त्याने पाहिले होते.

घास उतरेना. जेवण आटोपून आम्ही पाणी वाढायची बादली मागून घेतली आणि पंगतीत शिरलो. त्याच्या जागेपाशी आलो, तोवर तो उठून गेला होता.