मनीला पाहुण्यांपुढे धरू नकोस

चि. सोनूस,


शनिवार-रविवारी तोरणा-राजगडची मंडळी तुमच्याकडे वेल्ह्याला जेवायला उतरली की मनी माळ्यावर पळते, म्हणून तिला मांडीवर धरून सगळ्यांत बसवायचं तू ठरवलं आहेस. तसं करू नकोस. सवयीने भीड मोडते हे खरं, पण सुटायची वाट मोकळी असेल तरच. धरून ठेवलेल्या जनावराला परका आणि कोंडी एकदमच लक्षात राहतात. शिवाय घाबरलेलं मांजर चावलं तर त्या पाहुण्याला रेबीजच्या सुया घ्याव्या लागतील, ते वेगळंच. माळ्यावर पळणं हा मनीचा हट्ट नव्हे. आयलीन कार्श यांच्या अभ्यासात दिसलं, की पिल्लाला माणसाची ओळख पटण्याचा काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा असतो. सँड्रा मॅक्यून यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की धीट बोक्याची पिल्लंही धीट निघतात, आणि बोका तर पिल्लं वाढवतही नाही. म्हणजे बराचसा स्वभाव ती तुझ्या हाती येण्याआधीच ठरला होता. तिला पाहुण्यांची लाडकी करण्याचा नाद सोड. माणसं असताना ती निवांत जेवली तरी पुष्कळ.

लपू दिलं तर ती जन्मभर भित्रीच राहील, असं घरातले म्हणतील. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात २०१४ च्या अभ्यासात उलट दिसलं: नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपायला खोकं दिलं, ती बाकीच्यांपेक्षा लवकर निवळली. तेव्हा माळ्याची शिडी मोकळी ठेव, पाणी वरच ठेव. मधल्या वारी एखादं शांत माणूस आलं, की त्याच्यापासून लांब, तिला सोसेल इतक्या अंतरावर सुकटीचे चार तुकडे टाक. माणूस गेलं की खाऊ बंद. ती न बिचकता खाऊ लागली, की पुढच्या खेपेला अंतर थोडं कमी कर. पाहुण्याने हाक मारू नये, टक लावू नये. बघायचंच तर डोळे सावकाश मिटून उघडावेत. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० च्या प्रयोगात असं करणाऱ्या अनोळखी माणसाकडे मांजरं जास्त येताना दिसली. पाहुण्यांना हे विचित्र वाटेल म्हणतेस? गड चढायला भल्या पहाटे उठणाऱ्यांना एवढं सांगितलेलं समजतं.

गौरी-गणपतीत मात्र हा सराव नको. भोरहून आलेली पोरं घरभर धावणार. तेवढे दिवस तिला आतल्या खोलीत दार लावून ठेव. आणि ती घरच्यांपासूनही लपू लागली किंवा खाईनाशी झाली, तर तो लाजाळूपणा समजू नकोस, गुरांच्या डॉक्टरांना दाखव.

तुझी आत्या