ताडोबानंतर आफ्रिका: पहिला देश कोणता?

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक. ताडोबाला बरेचदा जातो. आता एकदा आफ्रिकेची सफारी करायची आहे. केनिया, टांझानिया की दक्षिण आफ्रिका?
— एक वाचक, ब्रह्मपुरी

उत्तर : पहिल्या खेपेला केनियाच निवडा. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे. शिवाय हंगामही जुळतो. 1 जुलै ते 30 सप्टेंबर ताडोबाचा गाभा बंद असतो, आणि साधारण जुलै ते ऑक्टोबर याच काळात विल्डबीस्टचे कळप टांझानियाच्या सेरेंगेटीतून मसाई मारात उतरतात.

ताडोबात आपण बांबूच्या आडोशाला थांबून चितळाच्या इशाऱ्याकडे कान लावतो. मारात रान मोकळे, त्यामुळे काम डोळ्यांचे. वारुळावर बसून गवत न्याहाळणारा चित्ता दुरूनही दिसतो. म्हणून चांगली दुर्बीण जरूर न्या.

सेरेंगेटी भव्य आहे, पण अंतरे मोठी असल्याने प्रवास दमवतो. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगरमध्ये स्वतः गाडी चालवता येते. ती सवय असेल तर तोही उत्तम पर्याय.

केनियासाठी पीतज्वराची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या. प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. वय साठीपुढे असेल तर लसीआधी डॉक्टरांना अवश्य विचारा. हिवतापाच्या गोळ्यांचेही त्याच वेळी ठरवा.

आणि घाई नको. चार उद्याने धावत पाहण्यापेक्षा एकट्या मारात तीन-चार मुक्काम करा.