उमरखेडचे चार रस्ते


आपण ज्या रस्त्यांनी रोज ये-जा करतो, त्यांची माहिती मी या लेखात देत आहे.

उमरखेड हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. येथून चार बाजूंना चार मोठे रस्ते फुटतात.

पहिला रस्ता पोफाळीवरून पुसदला जातो. पुसद तालुक्यातील गहुली हे वसंतराव नाईक यांचे जन्मगाव. ते १९६३ ते १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

दुसरा रस्ता महागाव, आर्णीवरून यवतमाळला व पुढे नागपूरकडे जातो.

तिसरा ढाणकी, बिटरगावकडे जातो. तिकडे पैनगंगा अभयारण्य आहे. साग, मोह, टेंभुर्णीची झाडे आहेत. फाल्गुनात पळस फुलला की रान लालभडक दिसते. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा पावसाळ्यात पाहावा. आवाज लांबूनच ऐकू येतो!

चौथा रस्ता हदगाव, नांदेडचा. याचा इतिहास सर्वांनी वाचावा. १८५३ साली निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे दिला. तेव्हापासून पैनगंगा ही हद्द झाली. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. पलीकडे नाणेसुद्धा वेगळे होते. तिकडचे सात हाली रुपये म्हणजे इकडचे सहा कलदार रुपये. माल नेताना करोडगिरी नाक्यावर जकात द्यावी लागे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी उमरखेडात स्वातंत्र्य आले, पण नदीपलीकडे आले नाही. तेथे रझाकारांचा जुलूम होता. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांनी सरहद्दीवर कॅम्प उभारले होते. उमरखेडलाही असा कॅम्प होता. शेवटी १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. म्हणजे एका नदीमुळे तेरा महिने उशीर झाला! १९५६ साली विदर्भ व मराठवाडा एका राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला.

माझ्या आईचे माहेर हदगाव तालुक्यात आहे. आम्ही यष्टीत बसतो, पूल येतो, आई नदीला हात जोडते, की आलंच मामाचं गाव! नाका नाही, जकात नाही, की पैसे बदलणे नाही. आजोबा म्हणतात, "बापू, हे असं सहज जाता येणं लोकांनी लढून मिळवलं हाय."

करून पाहा : नकाशात पैनगंगा निळ्या रंगाने रंगवा. तिच्या दोन्ही काठांवर आपले नातेवाईक कोणकोणत्या गावांत आहेत, ते घरी विचारून लिहा.