एक वर्ष द्यायचं की नाही?

अकरावीचा निकाल हातात पडला की दरवर्षी काही घरांत एकच प्रश्न उभा राहतो. आहे तसं रेटून बारावीला जायचं, की विषय बदलून पुन्हा अकरावीला बसायचं? मी अकरावी दोनदा केली. आधी सायन्सची, मग आर्ट्सची. पहिली पास होऊनही दुसरी केली. पुढे अर्थशास्त्रात एम. ए. आणि बी. एड. केलं, आणि आज आमच्या सोलापुरातल्याच एका ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. पुन्हा वर्ष करण्यात मला कमीपणा दिसत नाही. मात्र चौकशी न करता दिलेलं वर्ष पाहून जीव तुटतो, कारण त्यात मुलाचं वय जातं आणि घरच्यांचे कष्टाचे पैसेही. म्हणून जे अनुभवातून कळलं ते सांगते.

१. अडतंय कुठे, ते आधी शोधा

सोलापुरात घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू, शाळेत मराठी आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी, अशी वाट चालणारी मुलं पुष्कळ आहेत. सेमी-इंग्रजीतून आलेल्यांनाही सुरुवातीला धडकी भरते. मूल म्हणतं, “मॅडम, फिजिक्स जमत नाही.” मी सांगते, गतीचा एक नियम धाकट्या भावंडाला घरच्या भाषेत समजावून दे आणि मग ये. समजावता आला तर अडचण इंग्रजीची आहे. नेमाने रोज एक पान वाचलं, अडलेल्या शब्दांची वही केली, तर ती सुटते. तेवढ्यासाठी शाखा बदलू नये.

माझं वेगळं होतं. भाषा कळत होती, उदाहरणंही सुटायची, पण पुस्तक मिटलं की त्यातलं काही मनात राहत नसे. मनात असायचं ते हे, की सुताचा भाव चढला की अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, कारखान्यातले यंत्रमाग का थांबतात, आणि चादरीचा भाव मात्र लगेच का वाढत नाही. या प्रश्नांची उत्तरं ज्या विषयात आहेत तो विषय वेगळा आहे, हे कळल्यावर मी हलले.

२. दिवाळीपर्यंत जीव ओतून करून पाहा

अकरावीचे पहिले महिने जवळजवळ सगळ्यांनाच जड जातात. गांधीजींनी आत्मकथेत आपली हकीकत लिहिली आहे. लहानपणीच झालेल्या लग्नामुळे त्यांचं शाळेचं एक वर्ष बुडालं. ते भरून निघावं म्हणून शिक्षकांनी त्यांना एक इयत्ता ओलांडून वर घेतलं. तिथे भूमिती नवी, त्यात शिकवणं इंग्रजीतून. परत खालच्या वर्गात जावं असं त्यांना वाटायचं. पण त्यात शिक्षकांचाही मान जाईल म्हणून ते टिकून राहिले, आणि युक्लिडच्या तेराव्या सिद्धान्तापाशी पोहोचल्यावर विषय एकदम सोपा वाटू लागला.

प्रत्येकाला असा तेरावा सिद्धान्त भेटतो असं नाही. पण तिथपर्यंत चालून तर पाहायला हवं. पहिल्या चाचणीत कमी गुण पडले म्हणून जुलैमध्येच गणित सोडणाऱ्या मुलाला मी थांबवते. दिवाळीपर्यंत मन लावून अभ्यास केल्यावरही काहीच हललं नसेल, तर मात्र नुसत्या आशेवर मार्चपर्यंत ओढत नेऊ नये.

३. मूल खचलं असेल तर विषयाचा विचार नंतर

झोप उडाली आहे, जेवण सुटलं आहे, मित्रांशी बोलणं बंद आहे, सगळ्याच विषयांतून मन उठलं आहे, अशी लक्षणं दिसली तर तो शाखेचा प्रश्न राहत नाही. आधी डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडे सिव्हिल हॉस्पिटल आहे. ‘टेलीमानस’ची १४४१६ ही सरकारी मदतवाहिनी मोफत आहे. खचलेल्या मनाने घेतलेला निर्णय बरं वाटल्यावर बदलावासा वाटतो, आणि तोवर प्रवेशाच्या तारखा गेलेल्या असतात.

४. धरायचं काय, ते लिहून काढा

सोडायचं काय ते प्रत्येकाला पाठ असतं. धरायचं काय, असं विचारलं की बरेच जण “आर्ट्स सोपं असतं ना” म्हणतात. आर्ट्स सोपं नाही. अर्थशास्त्रात आलेख आहेत, भूगोलाला प्रात्यक्षिक आहे, तर्कशास्त्रात एक पायरी चुकली की उत्तर गेलं.

आपल्या जिल्ह्यातलं रणजितसिंह डिसले गुरुजींचं उदाहरण मी मुलांना सांगते. बार्शीच्या या तरुणाने आधी इंजिनीअरिंगची वाट धरली होती. ती सोडल्यावर वडिलांच्या सांगण्यावरून ते शिक्षक होण्याच्या अभ्यासक्रमाकडे वळले आणि २००९ मध्ये माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेवर रुजू झाले. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. पुरस्कार सगळ्यांना मिळत नसतात. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की एक वाट सुटली तेव्हा दुसरी धरली गेली आणि ती मन लावून चालली गेली.

म्हणून दाखला काढण्याआधी नव्या विषयांची पुस्तकं मिळवा. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट उतरवून घेता येतात. आठवडाभर तीच वाचा. कुणी न सांगता पुढचं प्रकरण उघडावंसं वाटलं, तर ती खरी खूण.

५. वर्ष न देताही ते दार उघडतं का, ते पाहा

सगळ्यात जास्त चौकशी इथे करायची. बी. ए.ला प्रवेश घ्यायला बारावी आर्ट्सचीच लागते असं नाही. सायन्सच्या बारावीवरही घेता येतो. पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला कोणतीही शाखा चालते. सीए फाउंडेशनलाही शाखेची अट नाही. यूपीएससी आणि एमपीएससीच्या राज्यसेवेला पदवी लागते, बारावीची शाखा कुणी पाहत नाही. सायन्समध्ये राहूनच गणित सोडून जीवशास्त्र घ्यायचं असेल, तर वर्षाच्या सुरुवातीलाच कॉलेजच्या कार्यालयात विचारावं. बारावी झालेल्यांना बोर्डाची परीक्षा ‘तुरळक विषय’ घेऊनही देता येते. आणि बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून पूर्ण केलेल्यांनाही ‘नीट’ला बसता येईल, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं आहे.

उलट दिशेचा प्रवास मात्र असा होत नाही. आर्ट्स किंवा कॉमर्समधून डॉक्टरकीकडे वा इंजिनीअरिंगकडे जायचं, तर सायन्सचा पाया अकरावीपासूनच घालावा लागतो. तिथे वर्ष द्यावंच लागेल, आणि ठरलं असेल तर ते खुशाल द्यावं. सायन्सची अकरावी पास झाल्यावर थेट बारावी आर्ट्स किंवा कॉमर्सला जायचं असेल, तर आधी प्राचार्यांना विचारा. आपला जिल्हा पुणे विभागीय मंडळात येतो. मंडळाचं म्हणणं लेखी घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

मग सायन्सची बारावी करून बी. ए.ला जाण्याऐवजी मी अकरावी पुन्हा का केली? आमच्या वेळी डी. एड.चे प्रवेश बारावीच्या गुणांवर होत. घरची परिस्थिती पाहता लवकर नोकरी देणारा तो रस्ता मला उघडा ठेवायचा होता, आणि सायन्सची बारावी मी काठावर पास झाले असते. माझ्यापुरतं ते वर्ष गरजेचं होतं. तुमचं उत्तर वेगळं निघू शकतं.

६. वर्षाचा हिशेब रुपयांत मांडा

माझी आई विड्या वळायची. सोलापूरच्या पूर्व भागातल्या हजारो बायका करतात तेच काम. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पत्र्याच्या मापाने कातरीने कापलेली ओलसर पानं, आणि बोलतानाही न थांबणारी बोटं. मजुरी हजार विड्यांमागे मिळे. खराब म्हणून बाजूला काढलेल्यांचे पैसे कापले जात. मी अकरावी पुन्हा करायचं म्हटल्यावर तिने फी, वह्या, पुस्तकं आणि बसभाडं विचारलं आणि तिथेच किती हजार विड्या होतात ते मोजलं. मग म्हणाली, “वर्षभर जादा वळीन की मी. पण पुढच्या उन्हाळ्यात परत हाच प्रश्न घेऊन येणार असलीस, तर आत्ताच सांग.”

प्रत्येक मुलाने असा आकडा घरच्यांसमोर बसून काढावा. त्याच वर्गाला पुन्हा बसल्यावर शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि एसटीचा पास चालू राहतो का, ते आधी विचारावं. वयाचाही हिशेब हवा. एनडीएला अभ्यासक्रम सुरू होताना साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षं वय लागतं. तिकडे डोळे लावून बसलेल्या मुलाचं एक वर्ष म्हणजे एक-दोन संधी.

७. नातेवाइकांसाठी एकच वाक्य तयार ठेवा

आमच्या सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येतात आणि पहिला प्रश्न येतो, “काय गं, यंदा बारावी ना?” लपवलं की प्रश्न वाढतात. “विषय बदलला, म्हणून पुन्हा अकरावी करतीय,” एवढं सरळ सांगावं आणि चहा द्यावा. हे वाक्य आधी आईवडिलांच्या तोंडून निघालं, तर मुलाचं निम्मं ओझं उतरतं. अप्पांनी चारचौघांत माझ्याबद्दल ते सांगितलं, त्या दिवसापासून मी मान वर करून कॉलेजला जाऊ लागले.

८. नव्या वर्गातला पहिला महिना सांभाळा

जुने सोबती बारावीत आणि आपण वर्षाने लहान मुलांमध्ये, हे टोचतं. त्यावर उपाय एकच, पहिल्या आठवड्यापासून कामाला लागायचं. मी दुपारनंतर हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन बसायचे. तिथे कुणी इयत्ता विचारत नसे. वर्गातल्या मुलींना आलेख काढायला मदत करू लागले आणि त्यातूनच मैत्री जुळली. सायन्सची ती अकरावी मला तिथे कामाला आली. आलेखाची भीती नव्हती, आकडेमोड हातची होती. आधीच्या वर्षात शिकलेलं वाया गेलं असं समजू नका, नव्या विषयात ते वापरा.

९. कागद आणि तारखा पाळा

नवा प्रवेश पक्का झाल्याखेरीज जुना रद्द करू नका. २०२५-२६ पासून राज्यभर अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले आहेत. म्हणजे फेऱ्यांच्या तारखा चुकल्या की हवं ते कॉलेज हातचं जातं. दहावीची गुणपत्रिका, अकरावीचा निकाल, दाखला आणि जातीचा दाखला यांच्या प्रती एकाच फाइलीत ठेवा. मध्ये एखादं वर्ष कुठेच प्रवेश नसेल, तर त्यासाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात, ते आधीच करून ठेवा.

१०. ठरल्यावर पुन्हा तोच विषय काढू नका

आईवडिलांना माझं हात जोडून सांगणं आहे. चौकशी करा, भांडा, हिशेब मांडा, पण निर्णय झाला की दर चाचणीनंतर “सायन्सच बरं होतं” म्हणू नका. आणि मुलांनो, घरच्यांनी तुमच्यावर विश्वास टाकून एक वर्ष दिलं असेल, तर पहिल्या चाचणीचे पेपर स्वतः होऊन त्यांच्यापुढे ठेवा, गुण कसेही असोत. चौकशीनंतर वर्ष द्यायची गरज नाही असं निघालं, तर त्यातही कमीपणा नाही; बारावीला जा आणि मन लावून करा. सोळा-सतराव्या वर्षी स्वतः माहिती काढून, घरच्यांशी बोलून घेतलेला निर्णय पुढे पदवीच्या, नोकरीच्या आणि लग्नाच्या वेळीही उपयोगी पडतो. माझ्या विद्यार्थ्यांमध्ये मी हे पाहिलं आहे, आणि त्यासाठी एक वर्ष लागलं तरी ते द्यावं, असं मला मनापासून वाटतं.