सही कुणाची, ते आधी बघा

तंबाखूविरोधी मोहिमेत नव्यानं येणाऱ्या पोरापोरींना मी आधी एकच विचारतो: तुमची मागणी उद्या मान्य झाली, तर सही कोण करणार? बहुतेक जण म्हणतात, सरकार. पण सरकार नावाचा माणूस कुठल्याच टेबलावर बसलेला नसतो. सही करतो अमुक खात्याचा आयुक्त, अमुक कायद्याच्या अमुक कलमाखाली. कलम चुकलं की सगळं मुसळ केरात.

महाराष्ट्रानं हे भोगलंय. ऑगस्ट २००२ मध्ये राज्यानं अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली. २००४ साली गोदावत पान मसाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. ज्या कलमाखाली बंदी घातली, त्यानं राज्याच्या अधिकाऱ्याला एवढा अधिकार मिळतच नाही, असा निकालाचा रोख होता. पुढं २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला आणि त्याखालच्या २०११ च्या नियमांत एक ओळ आली: खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घटक म्हणून चालणार नाही. त्या ओळीवर बोट ठेवून एप्रिल २०१२ मध्ये मध्य प्रदेशानं आणि जुलैत महाराष्ट्रानं गुटखा बंद केला. गुटखा तोच होता आणि कॅन्सरही तोच.

हा आदेशही एका वर्षापुरता असतो, दरवर्षी नव्यानं काढावा लागतो. ती तारीख कार्यालयाच्या भिंतीवर लाल शाईनं लिहून ठेवा, कारण जिंकल्यावर हारतुरे होतात आणि निधी देणारे दुसऱ्या विषयाकडं वळतात. नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या विंचूरच्या तीनपाटी चौकात बंदीनंतर काय दिसायला लागलं? मसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी. गिऱ्हाईक दोन्ही दातानं फाडतं, एक दुसरीत ओततं, पुडीचं तोंड चिमटीत धरून हलवतं आणि मान मागं टाकून तोंडात रिकामी करतं. झाला गुटखा! २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच या पळवाटेची दखल घ्यावी लागली. म्हणून मागणीचा मसुदा झाला की एखाद्या ओळखीच्या टपरीवाल्याला वाचून दाखवा. पळवाट त्याला वकिलाच्या आधी दिसते.

पोस्टरचंही तसंच. दिल्लीहून येणाऱ्या गठ्ठ्यात हमखास जळती सिगारेट असते. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. ओढणारे जेमतेम ३.८ टक्के आणि खाणारे-लावणारे २४.४, काही जण दोन्हीत. आमच्या कांदा मार्केटात ट्रॅक्टरची रांग लागलेली असते, तेव्हा हमाल तळहातावर चुना टाकून तंबाखू मळतो, दोन फटके मारून धूळ उडवतो आणि स्वतः बार भरण्याआधी शेजाऱ्यापुढं हात करतो. घरात म्हातारी मिश्री लावून बसलेली. त्यांना सिगारेट दाखवली तर मान डोलावून म्हणतात, "खरंय साहेब, सिगारेट लई वाईट." छपाईचा खर्च वाया गेला.

विरोध कुठून येईल याचा अंदाज मात्र भल्याभल्यांना येत नाही. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर सचित्र इशारा छापायचा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायचा होता. ऐनवेळी संसदीय समितीनं खोडा घातला. समितीचे अध्यक्ष, नगरचे खासदार दिलीप गांधी, यांचं म्हणणं होतं की तंबाखूनं कॅन्सर होतो हे दाखवणारा भारतीय अभ्यासच नाही. राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. आबा पाटील तोंडाच्या कॅन्सरनं जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते! अभ्यास ढिगानं होते, पण ते इंग्रजी जाडजूड ग्रंथांत. समितीच्या प्रत्येक सदस्याच्या हातात, त्याच्या भाषेत, एक पान सुनावणीआधी पडलं पाहिजे. आणि स्वतःच्या अंगावर हे सोसलेला माणूस राजकारणात शोधा. शरद पवारांनी तेव्हा पंतप्रधानांना पत्र लिहून मोठ्या इशाऱ्यांची बाजू घेतली, ती तोंडाच्या कॅन्सरमधून उठलेल्या माणसानं घेतलेली होती. नियम अखेर १ एप्रिल २०१६ ला लागू झाला.

रुग्णांना मंचावर आणताना हात आखडता घ्या. जबड्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाचे शब्द तोंडातच अडकतात, लाळ गळते, त्यालाही ते कळत असतं. एका रुग्णानं माझ्यासमोर संमतीपत्रावर अंगठा दिला होता. घरी गेल्यावर बायको म्हणाली, पोरीची सोयरीक चाललीय, फोटो नका लावू. फोटो काढून टाकला. मोहिमेच्या कार्यालयातून चार फोन आले, ते ऐकून घेतले. तेव्हापासून संमती दवाखान्यात नाही, घरी जाऊन, घरच्यांसमोर घ्यायची असं सांगतो.

निधीचा हिशेब पहिल्या दिवसापासून चोख ठेवा, विशेषतः परदेशी पैशाचा. यापुढं त्यावर बोलत नाही.

आणि सिन्नरला जाऊन या. बिडीचं जुनं गाव, आमच्याच जिल्ह्यातलं. सुनावणीत बिडीमालक स्वतः पुढं येत नाहीत, पानं कातरणाऱ्या बायांना पुढं करतात. त्या बायांना आपण पहिल्यांदा सुनावणीच्या दारात भेटलो, तर त्या आपल्याला शत्रूच समजणार. एकीनं मला विचारलं होतं, "दादा, हजार बिड्यांची मजुरी मग कोण देणार?" पर्यायी रोजगाराची मागणी निवेदनाच्या पहिल्या पानावर घाला, कोणत्या खात्याकडून आणि कोणत्या योजनेतून तेही लिहा, आणि ते पान दिल्लीला पाठवण्याआधी त्यांच्या ओट्यावर बसून वाचा.